फसण्याची ऐपत

टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या काठाने एक सपाट, उष्ण पट्टा आहे. संत्र्या-मोसंब्यांच्या बागा, कांद्याची शेतं, ताडाची झाडं आणि नदीपलीकडे मेक्सिको. तिथले लोक या भागाला नुसतं 'व्हॅली' म्हणतात. हिडाल्गो काउंटीत दहातली नऊ माणसं लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली आहेत. गटार-पाण्याची सोय नसलेल्या 'कोलोनिया' नावाच्या वस्त्या टेक्सासात सर्वांत जास्त याच काउंटीत सापडतात. सॅन हुआन हे इथलंच एक गाव. 1980च्या दशकात या गावात एक बाई आपल्या मुलांना घेऊन एका बंद पडलेल्या डायनरमध्ये राहत होती. भाड्याने नव्हे. कुणी वापरत नव्हतं म्हणून त्या जागेत त्यांनी आसरा घेतला होता. जिथे एकेकाळी लोक पैसे देऊन जेवून जात, तिथे हे कुटुंब झोपत होतं.

चार भावंडांतलं शेंडेफळ म्हणजे क्रिस्टेला अलॉन्झो, पुढे मंचावर एकटीने उभं राहून हसवणारी स्टँड-अप विनोदवीर झालेली. जन्म 1979चा. ती पोटात असतानाच आईने मारकुट्या नवऱ्याचं घर सोडलं होतं, त्यामुळे बाप तिने कधी पाहिलाच नाही. आई मेक्सिकोतल्या एका खेड्यातून आलेली, शाळा नावापुरती. एका मेक्सिकन खानावळीत ती दोन-दोन पाळ्या करायची. क्रिस्टेलाच्या आयुष्याची पहिली सात-आठ वर्षं त्या डायनरमध्ये गेली. घरात स्पॅनिश बोलली जायची आणि इंग्रजी ती शिकली टीव्हीवरून. अमेरिकन विनोदी मालिकांतली कुटुंबं मोठ्या सोफ्यावर बसून एकमेकांना टोमणे मारायची, मागून हशा यायचा आणि हे पोर ते ऐकून भाषा उचलायचं. पुढे 2014 साली एबीसी वाहिनीवर तिच्या स्वतःच्या नावाची मालिका आली. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिनीवर स्वतः निर्माण केलेल्या मालिकेत स्वतःच मुख्य भूमिका करणारी ती पहिली लॅटिना.

गोष्ट इतकीच सांगितली तर ती 'गरिबीतून शिखरावर' या सदरात जाऊन बसते. ते सदर मला आवडत नाही. त्यात मधली वर्षं गायब असतात, आणि मला तीच वर्षं जवळची वाटतात.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. सुट्टीत साउथ पाद्रे बेटावर समुद्र बघायला जायचं तर गाडी या व्हॅलीतूनच जाते. परतताना फॅलफुरियस गावाच्या अलीकडे, सीमेपासून चांगलं शंभरावर किलोमीटर आत, सीमा सुरक्षा दलाचा नाका लागतो. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. आत डोकावून विचारतात, नागरिक आहात का? आम्ही कार्डं दाखवली आणि निघालो. पण कागद नसलेल्या माणसासाठी अमेरिका त्या नाक्यापाशी संपते. नदी ओलांडून आलेली कितीतरी कुटुंबं नदी आणि नाका यांच्यामधल्या त्या पट्ट्यातच जन्म काढतात. तिथल्या मुलीने न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसची स्वप्नं पाहायची म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. त्या नाक्यावरच्या रांगेत बसून थोडंसं कळलं.

क्रिस्टेला नाटक शिकायला मिझुरीतल्या सेंट लुईसला, वेब्स्टर विद्यापीठात गेली आणि पैशांअभावी शिक्षण अर्धवट सोडून परतली. पुढे घरच्या गरजा एकामागून एक आल्या. बहिणीच्या मुलांना सांभाळायचं होतं, आई आजारी होती, तिची सेवा करायची होती. आई गेली. त्यानंतर, 2003च्या सुमारास, डॅलसजवळच्या ॲडिसन इम्प्रॉव्ह या कॉमेडी क्लबमध्ये ती कामाला लागली. रंगमंचावर नव्हे, ऑफिसात.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. तो क्लब आमच्या घरापासून लांब नाही, बेल्ट लाइन रोडवर आहे. आत अंधार, छोटी गोल टेबलं, आणि मंचामागे विटांची भिंत. ही भिंत अमेरिकेतल्या कॉमेडी क्लबांची खूणच झाली आहे. बड फ्रीडमनने 1963 साली न्यूयॉर्कमध्ये इम्प्रॉव्ह नावाचा पहिला क्लब काढला तेव्हा भिंतीला गिलावा करायला पैसे नव्हते, म्हणून विटा उघड्या राहिल्या असं सांगतात. मंचावर माणूस एकटा उभा असतो. हातात माईक, शेजारी स्टुलावर पाण्याचा ग्लास. नवख्यांना ओपन माइकच्या, म्हणजे मंच कुणालाही खुला असलेल्या रात्री तीन ते पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की मागच्या बाजूने छोटा दिवा दाखवतात. त्या पाच मिनिटांचे पैसे मिळत नाहीत. उलट काही ठिकाणी नवख्याने स्वतःच चार-पाच प्रेक्षक घेऊन यायचे असतात, आणि त्या प्रेक्षकांनी किमान दोन पेयं घ्यायची असतात.

अशा एका रात्री आम्ही मागच्या टेबलावर बसलो होतो. एकामागून एक पोरं येत होती आणि त्यांचे विनोद फसत होते. विनोद फसला की जी शांतता पसरते ती ऐकवत नाही. गाणं बेसूर झालं तरी लोक शेवटी टाळ्या वाजवतात, नाटक पडलं तरी पडदा असतो. इथे दर वीस सेकंदांनी निकाल लागतो, आणि नापास झालेल्या माणसाला तिथेच उभं राहून पुढचं वाक्य बोलायचं असतं. मंचावरचा एक मुलगा ओळीने चार विनोद फसल्यावरही थांबला नाही. त्याने वहीत बघितलं, पाचवा सांगितला, त्याला दोन माणसं हसली. तो दिवा दाखवेपर्यंत उभा राहिला. या धंद्यातले लोक सांगतात, स्वतःचा आवाज सापडायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर फसत राहणं हेच शिक्षण. त्याला दुसरी शाळा नाही, पुस्तक नाही. आरशासमोर विनोदाचा सराव करता येत नाही, कारण आरसा हसत नाही. समोर अनोळखी माणसंच लागतात.

म्हणजे ही अशी कला आहे की तिचं शिक्षण फक्त लोकांसमोर, रात्री, बिनपगारी आणि अनेक वर्षं चालतं. ते कुणाला परवडतं?

ज्याच्या घरचं भाडं दुसरं कुणी भरतं, त्याला परवडतं. ज्याची आई आजारी नाही, ज्याच्या बहिणीला त्याच्या पगाराची गरज नाही, ज्याला सकाळी सहाच्या पाळीला जायचं नाही, त्याला परवडतं. गरिबाच्या घरात विनोदबुद्धीची वानवा नसते. किंबहुना तिथे विनोद जास्त असतो असंच मी लहानपणापासून पाहत आले आहे. वानवा असते ती फसण्याच्या ऐपतीची. हे मी क्रिस्टेलाच्या निमित्ताने बोलत असले तरी मला ते आधीपासून माहीत होतं.

माझा मामा इचलकरंजीत माग चालवायचा. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, तर हा माणूस नुसत्या हावभावांनी अख्खं खातं हसवायचा. मालकाची चाल, मुकादमाचं नाक शिंकरणं, भजनी मंडळातल्या बुवांचा मान डोलावणं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर त्याच्या नकला ठरलेल्या असत. एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला विचारलं होतं, दोन गाण्यांच्या मध्ये नकला करशील का? गावोगाव फिरायचं, पैसे जमतील तसे. मामाने नाही म्हटलं. मजुरी मीटरवर होती, खाडा पडला की आठवड्याचा हिशेब कोलमडायचा, आणि घरात लग्नाच्या दोन बहिणी होत्या. त्यातली एक माझी आई. मामा याबद्दल कधी कडवटपणे बोलला नाही. पण माझ्या आईच्या लग्नात त्या न झालेल्या गावोगावच्या रात्री खर्ची पडल्या आहेत हे मला मोठी झाल्यावर उमगलं, आणि ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

म्हणूनच क्रिस्टेला आधी क्लबच्या ऑफिसात शिरली हे वाचून मी थबकले. तिने पोटाची सोय आणि मंच एकाच छपराखाली आणले. दिवसा त्याच जागेचं काम, त्याचा पगार, आणि मंच पलीकडच्या खोलीत. नुकतीच आई गेलेली. ती बोलायला लागली ते त्या दुःखातून, आईबद्दलच.

या धंद्यात फसण्याची किंमत कोण मोजतं हा प्रश्न एकदा उघडपणे विचारला गेला होता. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हारवरचा कॉमेडी स्टोअर हा क्लब 1970च्या दशकात नव्या विनोदवीरांची पंढरी होता. त्याची मालकीण मिट्झी शोर कलाकारांना पैसे देत नसे. तिचं म्हणणं, ही शाळा आहे, इथे तुम्ही शिकायला येता. पण प्रेक्षकांकडून प्रवेशाचे आणि दारूचे पैसे घेतले जात होते, वेट्रेसना पगार होता, बारमनला पगार होता. ज्यांच्यासाठी लोक येत, त्यांना मात्र काही नाही. 1979च्या वसंतात विनोदवीरांनी संप केला. फलक घेऊन ते दारात उभे राहिले. पुढे टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे सूत्रधार म्हणून गाजलेले जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन त्यांत होते. संप सुमारे सहा आठवडे चालला आणि शेवटी ठरलं, एका सेटला, म्हणजे मंचावरच्या एका खेपेला, 25 डॉलर. आज ती रक्कम किरकोळ वाटेल. पण हसवणं हे काम आहे आणि कामाची मजुरी असते, हे त्या 25 डॉलरने मान्य झालं. मला तो संप या कलेच्या इतिहासातल्या कुठल्याही गाजलेल्या विनोदापेक्षा मोठा वाटतो.

त्याच वर्षी, त्याच शहराच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतला एक मेक्सिकन-अमेरिकन मुलगा शाळा संपवून पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिला. जॉर्ज लोपेझ. त्याचा बाप तो दोन महिन्यांचा असताना घर सोडून गेला, आई त्याच्या दहाव्या वर्षी सोडून गेली. आजी बेनिता कारखान्यात कामाला, तिचा नवरा बांधकामावर. त्यांनी त्याला मिशन हिल्समध्ये वाढवलं. त्या घरात कौतुक नव्हतं, लाड नव्हते. रडलास तर का रडतोस म्हणून आणखी बोलणी.

लोपेझला आपणही हे करू शकतो असं वाटलं ते फ्रेडी प्रिन्झमुळे. प्रिन्झ न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समधला, आई पोर्तो रिकोची, बाप जर्मन. शाळेच्या मुतारीत पोरांना जमवून तो नकला करायचा. 1973च्या डिसेंबरात, एकोणीस वर्षांचा असताना, टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या गाजलेल्या कार्यक्रमात, जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये गेला आणि सेट संपल्यावर कार्सनने त्याला सोफ्यावर बोलावलं. नवख्याच्या बाबतीत हे जवळजवळ होतच नसे. पुढच्याच सप्टेंबरात एनबीसीवर 'चिको अँड द मॅन' सुरू झाली. पूर्व लॉस एंजेलिसमधलं एक मोडकळीला आलेलं गॅरेज, त्याचा खडूस गोरा मालक आणि तिथे घुसून काम मागणारा चिको. मालिका पहिल्याच वर्षी देशातल्या सर्वांत लोकप्रिय मालिकांत गेली. पोर्तो रिकन मुलाने मेक्सिकन पात्र करावं का म्हणून लॉस एंजेलिसच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी निषेधही केला. पण सॅन फर्नांडोतल्या एका शाळकरी मुलाला टीव्हीवर पहिल्यांदा आपल्यासारखा चेहरा दिसला, जो कुणाची खोली झाडत नव्हता, कुणाला चाकू दाखवत नव्हता, तर समोरच्याला आपल्या बुद्धीने गप्प करत होता.

प्रिन्झ 1977च्या जानेवारीत गेला. स्वतःवर गोळी झाडून, बाविसाव्या वर्षी. घरी दहा महिन्यांचा मुलगा होता. त्याच्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. एवढंच म्हणते की ज्याला फसायला वेळ मिळत नाही, त्याची जशी हानी होते, तशीच ज्याला न फसताच सगळं मिळतं त्याचीही होऊ शकते. एकोणीस ते बावीस. सावरायला शिकण्याआधीच सगळा देश अंगावर आला.

लोपेझचं उलट झालं. 1979मध्ये सुरुवात, आणि स्वतःची मालिका 2002मध्ये. मधे तेवीस वर्षं. त्यात काही काळ त्याने हे सगळं सोडून दिलं, कारखान्यात काम केलं, परत आला, देशभर क्लबांचे दौरे केले. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या ब्रेया गावच्या इम्प्रॉव्हमध्ये अभिनेत्री सँड्रा बुलकने त्याचा कार्यक्रम पाहिला आणि तिच्या निर्मितीत एबीसीवर 'जॉर्ज लोपेझ' ही मालिका आली. 120 भाग झाले. मालिकेतला जॉर्ज विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापक आहे आणि त्याची आई त्याच कारखान्यात कामगार. तिचं नाव बेनी. बेनिता आजीची ही बेनी. कोरडी, फटकळ, पोराला कधी जवळ न घेणारी, आणि तरी त्याला वाढवणारी. आजीच्या ज्या शब्दांनी तो लहानपणी सोलून निघाला, त्याच शब्दांवर लाखो घरांत लोक हसले. त्या हसण्यात आजीचा अपमान नव्हता, म्हणून मला ती मालिका प्रिय आहे. तिचा थकवाही त्यात दिसतो. आयुष्यभर यंत्रापुढे उभं राहिलेल्या बाईकडे कौतुकाचे शब्द का उरत नाहीत, हे मालिकेने न सांगता सांगितलं.

या सगळ्या वर्षांत शरीरही आतून साथ सोडत होतं. लोपेझची मूत्रपिंडं जन्मतःच्या दोषामुळे निकामी होत गेली होती, आणि ते कळलं तो मोठा नट झाल्यावर. 2005मध्ये त्याच्या बायकोने त्याला आपलं मूत्रपिंड दिलं. याच लोपेझने पुढाकार घेतल्यामुळे हॉलिवूडच्या फुटपाथवर 2004 साली फ्रेडी प्रिन्झच्या नावाचा तारा बसला.

न्यूयॉर्कच्या जॉन लेग्विझामोचं मी थोडक्यातच सांगते, कारण तो पुढे रंगभूमीकडे वळला. कोलंबियात जन्म, क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये बालपण. आज तिथे आपले लोक साड्या-सोनं घ्यायला जातात तेच हे जॅक्सन हाइट्स, आणि त्याच्या डोक्यावरून धडधडत जाते ती सात नंबरची मेट्रो. शाळकरी वयात त्याने या गाडीत कंडक्टरच्या खोलीत शिरून लाउडस्पीकरवर प्रवाशांना विनोद ऐकवले आणि पोलिसांनी त्याला पकडलं. ज्या मुलाजवळ मंच नाही त्याने आगगाडी घेतली. 2018 साली त्याला रंगभूमीचा विशेष टोनी पुरस्कार मिळाला.

गेब्रिएल इग्लेसियसवर मात्र थांबायला हवं, कारण त्याच्या गोष्टीत जमीन आहे. त्याला एकट्या आईने लाँग बीचमध्ये सरकारी भाडेसवलतीच्या घरात वाढवलं. मोबाइल फोन कंपनीतली नोकरी सोडून 1997 साली तो विनोदाकडे वळला, तेव्हा राहतं घर गेलं, गाडीही गेली. फसण्याची ऐपत नसताना त्याने ती उसनी घेतली, असंच मी म्हणेन. 2022च्या मे महिन्यात त्याने लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. 56 हजार आसनांच्या या बेसबॉलच्या मैदानाची तिकिटं संपवणारा तो पहिला विनोदवीर.

त्या मैदानाखाली काय आहे हे तिथल्या मेक्सिकन घरांना तोंडपाठ आहे. तिथे चावेझ रविन नावाची टेकड्यांतली वस्ती होती. पालो वेर्दे, ला लोमा, बिशप अशा तीन वाड्या. घरं, शाळा, चर्च, कोंबड्या, परसबागा. 1950मध्ये शहराने गरिबांसाठी नवी सरकारी घरं बांधतो म्हणून लोकांना उठायला सांगितलं. लोक उठले. मग घरांची योजनाच रद्द झाली आणि पुढे ती जमीन ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्स संघाला मिळाली. जी थोडी कुटुंबं हटली नाहीत त्यांना 1959च्या मे महिन्यात पोलिसांनी उचलून बाहेर काढलं, बुलडोझरने घरं पाडली. 1962 साली मैदान उघडलं. त्याच जागी साठ वर्षांनी एक सवलतीच्या भाड्याच्या घरात वाढलेला मेक्सिकन-अमेरिकन माणूस उभा राहून विनोद सांगतो आणि हजारो कुटुंबं पोराबाळांसकट हसतात. यामुळे जमीन परत मिळत नाही. पण त्या रात्री तिथे कोण बोलत होतं आणि कोण ऐकत होतं, याला अर्थ आहे.

कोण बोलतं यावर माझा भर आहे, त्याला एक कारण आमच्या इथलं आहे. डॅलसमध्ये दर वसंतात गारपीट होते आणि मग घरोघरी छपरं बदलली जातात. चाळीस अंशांच्या उन्हात छपरावर खिळे ठोकणारी माणसं मेक्सिकोची, ग्वातेमालाची, होंडुरासची असतात. आपल्या आवडत्या भारतीय उपाहारगृहातली कांदे चिरणारी माणसंही बहुतेक तीच. 2020च्या जनगणनेनुसार या देशात 6 कोटी 21 लाख लॅटिनो आहेत, आणि आपल्यातल्या कित्येकांची त्यांच्याशी ओळख छपरापुरती आणि भांड्यांपुरती असते. त्यांच्याबद्दलचे विनोद मात्र आपल्या मेजवान्यांत ऐकू येतात. मला ते सहन होत नाहीत, आणि मी तसं बोलून दाखवते. ज्याने खिळा ठोकला नाही त्याने केलेला खिळ्याचा विनोद आणि छपरावरून उतरून आलेल्या माणसाने केलेला विनोद यांत शब्द कदाचित तेच असतील. पण दुसरा माणूस हसवताना स्वतःच्या आईचं तोंड डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. त्याला ती ओळ घरी जाऊन पुन्हा सांगता आली पाहिजे.

क्रिस्टेलाच्या मालिकेकडे परत येते. 10 ऑक्टोबर 2014 रोजी ती सुरू झाली. नायिका डॅलसमध्ये बहिणीच्या घरी राहून कायदा शिकते. शिक्षणाला सहावं वर्ष लागलंय, कारण मधे नोकऱ्या, घर, भाचरं. तिला एका मोठ्या वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी मिळते, बिनपगारी. आणि घरात वादळ उठतं. भावजींचा सरळ सवाल, पैसे न देणारं काम कसलं? आईला तर कळतच नाही. या घराच्या व्याख्येत काम म्हणजे ज्याचे संध्याकाळी पैसे मिळतात ते. पैसे नसतील तर ती हौस, आणि हौस ही श्रीमंतांची गोष्ट. मालिकेने आईला अडाणी म्हणून हास्यास्पद केलं नाही, कारण आईचं बरोबर आहे. तिच्या आयुष्याच्या हिशेबात बिनपगारी उमेदवारी बसवायला रकानाच नाही. आणि मुलीचंही बरोबर आहे, कारण पुढचं दार फक्त याच बिनपगारी दारातून उघडतं. हे दोन्ही एकाच स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांशी भांडतात आणि मागून हशा येतो. मला तो पहिला भाग बघताना मामा आणि ऑर्केस्ट्रावाला आठवले.

मालिका 22 भागांनंतर, 2015च्या मे महिन्यात बंद झाली. एक हंगाम. कितीतरी मालिका पहिल्या वर्षी चाचपडतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सापडतात. तिला ते दुसरं वर्ष मिळालं नाही. इतिहासात 'पहिली' म्हणून नोंद झालेल्या बाईलाही फसण्याची ऐपत एका हंगामापुरतीच मिळाली, याची मला आजही चीड येते.

तिने पुन्हा माईक हातात घेतला. नेटफ्लिक्सवर 2017 साली 'लोअर क्लासी' आला, 2022 साली 'मिडल क्लासी'. त्या दुसऱ्या कार्यक्रमात ती चाळिशीतली आहे, हातात पैसे आहेत, आणि ती सांगते की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आपण पहिल्यांदा गेलो ते आत्ता. सभागृह हसतं, मीही हसले. तिच्या आईच्या पिढीतल्या बायका डॉक्टरकडे जायच्या तेव्हा बहुधा उशीर झालेला असायचा. तीही ते जाणते. आईचं नाव घेताना तिचा आवाज बदलतो, पण ती विनोद सोडत नाही.

जॉर्ज लोपेझच्या घरी पुढचा अध्याय वेगळाच घडला. दौऱ्यांच्या आणि चित्रीकरणाच्या वर्षांत तो घरी कमीच होता, लग्न मोडलं, आणि मायान या त्याच्या मुलीशीही अबोला झाला. मायान मोठी होऊन स्वतः विनोद करू लागली. तिने बापाबद्दल, आईबापांच्या मोडलेल्या संसाराबद्दल समाजमाध्यमांवर बोलायला सुरुवात केली, आणि त्यातून 2022 साली एनबीसीवर 'लोपेझ व्हर्सेस लोपेझ' ही मालिका आली. बाप आणि मुलगी, दोघंही स्वतःच्याच नावाने. एनबीसी म्हणजे 1974 साली चिकोला घेणारी तीच वाहिनी. मालिका तीन हंगाम चालली. त्यात मुलगी बापाला समोर उभं करून विचारते, तू कुठे होतास? आजीने बेनितापणाने जे दिलं नाही ते बापाला देता आलं नाही, आणि त्याने रस्त्यावर घालवलेल्या वर्षांचं बिल मुलीकडे आलं. ती ते फाडत नाही, फेकतही नाही. ती ते मोठ्याने वाचून दाखवते, एकेक रकमेवर थांबून, आणि बाप समोर उभा राहून ऐकतो.